आज गुरुवार काय रे?

आमच्या घरात ‘टॅब्लेट’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक टॅब्लेट आबा जेवणानंतर पाण्याबरोबर घेतात, दुसरी मांडीवर घेऊन बसतात. ‘आबांना टॅब्लेट दिलीस काय?’ असे आईने स्वयंपाकघरातून विचारले की कोणती, हे आधी ठरवावे लागते. २०२३ च्या जुलै महिन्यात या दुसऱ्या टॅब्लेटचे (यापुढे तिला ‘टॅब’ म्हणू) दुखणे निघाले. त्या दुखण्याच्या पाच दिवसांची ही हकीकत आहे. ती सांगताना प्रस्तुत लेखकाला फारसा आनंद होत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

आबा म्हणजे माझे आजोबा. खानापूर तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत त्यांची सारी नोकरी झाली. गल्लीत त्यांना अजून ‘गुरुजी’ म्हणतात, आणि पलीकडच्या कानडी घरातल्या अक्का ‘मास्तर’ म्हणतात. आयुष्यभर वाचण्याशिवाय दुसरे व्यसन त्यांना नव्हते. अलीकडे मात्र डोळ्यांच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजला. समोर माणूस उभा राहिला तर त्याचे कान दिसतात, नाक दिसत नाही, असे ते सांगतात. वर्तमानपत्राची अक्षरे त्यांना मुंग्यांसारखी दिसू लागली आणि वर्तमानपत्र बंद झाले. त्यातच २०२२ साली न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचे हाड मोडले. तेव्हापासून त्यांचा मुक्काम सोप्यातून मागच्या खोलीत हलला, कारण न्हाणीघर तिथून चार पावलांवर. सोपा सुटला आणि त्याबरोबर रस्ता, येणारेजाणारे, कोण कुठे चालला आहे हे सगळेच सुटले. मागच्या खोलीच्या खिडकीतून परसातला पेरू दिसतो. त्याला वार आणि तारीख नसते.

अशा वेळी हा टॅब कामाला आला. तो मूळचा माझा. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा माझ्या दहावीच्या वर्गांसाठी बाबांनी घेतलेला, स्वस्तातला, सिमकार्डाची सोय नसलेला. म्हणजे घरातले वायफाय हाच त्याचा एकमेव श्वास. मी त्याची भाषा मराठी करून दिली आणि त्यावर मराठी विश्वकोश उघडून दिला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली सुरू झालेले ते मोठमोठे खंड आबांनी पूर्वी तालुक्याच्या वाचनालयात लांबून पाहिले होते. आता ते फुकट आणि मांडीवर आले. दोन बोटांनी अक्षर ताणून बोराएवढे करायचे आणि एकेक ओळ सरकवत वाचायचे. दिवसाला एक नोंद. वाचून झाली की शंभर पानी वहीत जाड स्केचपेनने वार, तारीख आणि नोंदीचे नाव लिहायचे. वर्गात शिरल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात पहिल्यांदा वार आणि तारीख लिहायची, ही चाळीस वर्षांची सवय वहीत उतरली होती. ‘अ’पासून निघालेली स्वारी जुलैपर्यंत ‘ऊस’पर्यंत पोचली होती.

आमच्याकडचा जुलै म्हणजे काय, हे बेळगावकरांस सांगायला नको. २२ तारखेच्या शनिवारी दुपारी वीज गेली ती रविवारी रात्री आली. तोवर टॅबची बॅटरी पार कोरडी झाली होती. रात्री मी तो चार्जिंगला लावला, आणि सोमवारी सकाळी सातच्या सुमारास चालू करून आबांच्या हातात दिला. पाच मिनिटांत हाक आली.

‘अरे, हे उघडेना की.’

वायफायची खूण वर दिसत होती, पण तिच्या शेजारी उद्गारचिन्ह. विश्वकोश उघडेना, व्हिडिओ लागेना. माझ्या मोबाइलवर मात्र त्याच वायफायने सगळे व्यवस्थित. आबा टॅबकडे बघत म्हणाले, ‘आज गुरुवार काय रे?’

‘न्हवं आबा, सोमवार की,’ असे म्हणत मी सोप्याकडे निघालोसुद्धा. ‘ह्यात गुरुवार...’ असे काहीतरी पाठीमागून ऐकू आले. मला घाई होती. मी नुकताच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला होता, विषय भौतिकशास्त्र, आणि कॉलेज सुरू व्हायच्या आधीच घरात एक प्रयोग चालून आला होता!

माझे पहिले निदान भिंतीवर होते. आमचे शहापूरचे घर जुने. भिंती दगडमातीच्या, दीड हात जाड. तारेचे टोक सोप्यात येते म्हणून राउटर सोप्यात. आबा मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती, एक लोखंडी कपाट, आणि नळाला रोज पाणी येत नाही म्हणून भरून ठेवलेली दोन पिंपे. वायफाय म्हणजे शेवटी रेडिओच्या लहरी. आमच्या राउटरवर त्या दोन जातींच्या निघतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झच्या लहरीची त्याच्या निम्मी. आखूड लहर माहिती भराभर वाहून नेते, पण भिंतीत लवकर दमते; लांब लहर सावकाश चालते, पण भिंतीपलीकडे जास्त पोचते. पाणी दोघींनाही शोषून घेते. मायक्रोवेव्ह शेगडीत अन्न तापते ते जवळजवळ याच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींनी, अन्नातल्या पाण्यामुळे. तेव्हा आबांच्या वाट्याचा विश्वकोश पिंपातले पाणी पीत आहे, असा शोध मी लावला आणि आईला ऐकवला. आई म्हणाली, ‘पिंपं हलवायची तर तूच हलव.’

हलवली. बादलीने उपसून, सरकवून, पुन्हा भरून. दुकानातून लांब वायर आणून राउटर माजघरात कपाटाच्या डोक्यावर चढवला. टॅबला ५ ची जोडणी सोडायला लावून २.४ ची दिली. वायफायच्या पट्ट्या दोनाच्या चार झाल्या. उद्गारचिन्ह जागच्या जागी!

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मला त्या दिवशी माहीत असून सुचली नाही. त्या पट्ट्या फक्त टॅब आणि राउटर यांच्यातला जिव्हाळा दाखवतात. राउटरच्या पलीकडे जग आहे की नाही, आणि असले तर ते टॅबला ओळखते की नाही, याबद्दल पट्ट्या काही बोलत नाहीत. तो राग उद्गारचिन्हाने व्यक्त होतो. मी दिवसभर पट्ट्या मोजत बसलो.

मग नेहमीचे तोडगे झाले. टॅब बंद करून चालू केला. राउटरची वायर काढून तीस आकडे मोजून परत लावली. विमानाची खूण दाबली, सोडली. शेवटी ‘नेटवर्क विसरा’ हे बटण दाबायची वेळ आली. आबांनी ते शब्द ताणून मोठे करून वाचले आणि त्यांना ते मुळीच आवडले नाहीत. ‘विसरा म्हणजे? आणि मग आठवायचं कुणी?’ मी म्हटले, ‘आपणच. पासवर्ड पुन्हा घालायचा.’ पासवर्ड कुठे लिहून ठेवला आहे ते मी शोधू लागलो तर आबांनी पाठ म्हणून दाखवला. त्यांच्या पहिल्या शाळेच्या गावाचे, कणकुंबीचे, नाव इंग्रजी अक्षरांत, त्यातले ‘के’ मोठे, आणि पुढे चार आकडे. (आता तो बदललेला आहे, कोणी प्रयत्न करू नये.) बारा अक्षरे, एकही चूक नाही. हे मी ऐकले, टॅबमध्ये घातले, आणि त्याचा अर्थ काही लावला नाही.

मंगळवारी इंटरनेटच्या कंपनीचा माणूस आला. त्याने राउटर पाहिला, स्वतःच्या मोबाइलवर गाणे लावून दाखवले, ‘लैन सरी ऐत्री’ म्हणाला आणि गेला. तारेचा दोष नाही, भिंतीचा नाही, राउटरचा नाही. मग राहिले कोण? मी मागच्या खोलीत जाऊन म्हणालो, ‘आबा, तुम्ही कायतरी दाबलासा बघा.’

‘मी काही दाबलं नाही.’

‘आपोआप कसं होईल? नीट दिसत नाही तुम्हाला, बोट लागलं असेल कुठंतरी.’

ते गप्प झाले. नीट दिसत नाही हे त्यांना कोणी सांगायला नको होते. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, ‘आज शुक्रवार दाखवतंय.’ मी टॅबच्या सेटिंगमध्ये डोके घातलेले. ‘मंगळवार हो आबा, मंगळवार!’ मी जवळजवळ ओरडलो. तो आवाज स्वयंपाकघरात पोचला.

घरातली शंका कशी वाढते, याचा मी त्या आठवड्यात साक्षीदार होतो, आणि खतपाणी घालणाराही मीच होतो. सोमवारी गुरुवार, मंगळवारी शुक्रवार. बुधवारी आई चहा घेऊन गेली तेव्हा आबा म्हणाले होते, ‘ह्याच्या हिशेबानं आज शनिवार. सकाळची शाळा!’ आणि हसले होते. आईच्या कानावर पिंप भरण्याच्या आवाजातून फक्त ‘आज शनिवार, सकाळची शाळा’ एवढेच पडले. नोकरी सुटून वीस वर्षांवर झालेला माणूस आज सकाळची शाळा आहे म्हणतो, याचा अर्थ आईने लावला तो कोणीही लावला असता. ती चहाचा कप तसाच घेऊन परत आली. रात्री सोप्यात दबल्या आवाजात बोलणे झाले. पुण्याच्या आत्याचा फोन आला. तिच्या सासऱ्यांचे असेच वार विसरण्यापासून सुरू झाले होते आणि शेवटी ते स्वतःच्या मुलाला ओळखेनासे झाले, हे तिने पुन्हा सांगितले. अक्काही येऊन बसल्या. त्या म्हणाल्या, मी सकाळी खिडकीतून ‘एनात्री मास्तर?’ म्हणून विचारले तर नुसते हसले, बोललेच नाहीत. तेही हिशेबात धरले गेले.

गुरुवारी बाबांनी परीक्षाच घेतली. मागच्या खोलीत जाऊन, उगीच पांघरूण नीट करत, त्यांनी विचारले, ‘आबा, आज वार कोणता?’

आबांनी मांडीवरच्या टॅबकडे पाहिले, बाबांकडे पाहिले. ‘रविवार म्हणतंय,’ ते म्हणाले. आवाजात एक चाचपडलेपण होते. चार दिवस घरातली माणसे एक सांगत होती, यंत्र दुसरे सांगत होते, आणि खिडकीतला पेरू काहीच सांगत नव्हता. बाबा ‘बरं, बरं’ म्हणाले आणि बाहेर येऊन बराच वेळ सोप्यातल्या खांबाला टेकून उभे राहिले. त्याच संध्याकाळी डोक्याच्या डॉक्टरांची शनिवारची वेळ घेतली गेली. बाबांचा चेहरा मी तसा पूर्वी एकदाच पाहिला होता, आजी गेली तेव्हा.

आता मलाही भीती वाटू लागली. पण भीती वाटली की मी यंत्राकडे पळतो. शुक्रवारी सकाळी मला अखेर ती सोपी चाचणी सुचली, जी पहिल्याच दिवशी सुचायला हवी होती. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून टॅब त्याला जोडला. म्हणजे आमचा राउटर नाही, तार नाही, भिंत नाही, पिंपे नाहीत, हातभर अंतर. तरीही उद्गारचिन्ह. झाले! चार दिवस मी घर हलवत होतो आणि दोष टॅबच्या पोटात होता.

आता उपाय एकच दिसत होता: टॅब पूर्ण पुसून नव्यासारखा करणे. तसे केले तर आबांनी विश्वकोशात ठेवलेल्या खुणा जाणार. त्या आधी उतरवून घ्याव्यात म्हणून मी त्यांची वही मागितली. त्यांनी उशीखालून काढून दिली. जाड निळी अक्षरे, ओळ सोडून बाहेर गेलेली, पण वळण अजून गुरुजींचे. ‘ऊस’पर्यंतच्या नोंदी सरळ होत्या. त्यापुढे नवे पान होते.

‘गुरुवार, ता. १ जानेवारी? (यंत्रात असे. घरी सोमवार म्हणतात.) घड्याळ दीड तास मागे. वाचन नाही.

शुक्रवार, ता. २ जानेवारी? (घरी मंगळवार.) वाचन नाही.

शनिवार, ता. ३ जानेवारी? (घरी बुधवार.) वाचन नाही.

रविवार, ता. ४ जानेवारी? (बहुधा मीच चुकतो.) वाचन नाही.’

शेवटच्या ओळीतला कंस वाचून मला कसे झाले ते लिहिता येत नाही, लिहीतही नाही. मी टॅब उचलला. कुलपाच्या पडद्यावर, मी पाच दिवस बोट फिरवून क्षणात बाजूला सारत होतो त्या पडद्यावर, मोठ्या अक्षरांत होते: सोम, ५ जाने. वर्ष तिथे दिसत नाही. सेटिंगमध्ये जाऊन पाहिले. १९७०!

संगणकाच्या जगात काळ मोजायची सुरुवात बहुतेक ठिकाणी एका ठरावीक क्षणापासून होते: १ जानेवारी १९७०, ग्रीनिचच्या वेळेची मध्यरात्र. युनिक्स या संगणकप्रणालीपासून आलेली ही पद्धत अँड्रॉइडनेही उचलली. त्या क्षणापासून किती सेकंद झाले ते मोजत राहायचे आणि त्यावरून तारीख काढायची. बॅटरी पूर्ण संपून घड्याळच थांबले की आमच्या टॅबसारखे स्वस्तातले यंत्र सेकंदांचा आकडा विसरते आणि शून्यापासून मोजू लागते. ग्रीनिचला मध्यरात्र असते तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणून सोमवारी सातला चालू केलेला टॅब १९७० सालच्या पहिल्या गुरुवारी, पहाटे साडेपाचला जागा झाला होता. आबांनी टिपलेला दीड तास तोच.

पण तारखेचा आणि इंटरनेटचा संबंध काय? कॉलेजच्या वाचकांना बसच्या पासाचे उदाहरण पुरे. हल्ली बहुतेक संकेतस्थळे आपली ओळख पटवायला एक प्रमाणपत्र पुढे करतात, आणि त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. टॅब हा कंडक्टर. पास खरा आहे, शिक्का खरा आहे, मुदतही चालू आहे. पण कंडक्टरच्या खिशातल्या कॅलेंडरावर १९७० साल! तो म्हणणार, ‘हा पास अजून सुरूच झालेला नाही, उतरा खाली.’ आबांच्या टॅबने पाच दिवस अख्ख्या जगाला असे खाली उतरवले होते. विश्वकोशालासुद्धा.

राहता राहिला एक प्रश्न. नेट मिळाले की टॅब तारीख आपोआप दुरुस्त करून घेतो. त्याला त्या प्रमाणपत्राची अडचणही येत नाही. मग आमच्या टॅबने ती का केली नाही? सेटिंगमध्ये ‘तारीख आणि वेळ आपोआप’ ही खूण बंद होती. ती आबांनी बंद केली नव्हती. मे महिन्यात, पी.यू.सी.ची परीक्षा संपल्यावर, दुपारी आबा झोपले की मी टॅबवर एक खेळ खेळत असे. त्यात पाच जीव मिळतात, ते संपले की नव्यासाठी तासन्‌तास थांबावे लागते. तारीख हाताने एक दिवस पुढे ढकलली की जीव लगेच भरतात. मी आपोआपची खूण काढून तारीख ढकलत होतो, आणि खेळ संपल्यावर हाताने परत आणत होतो. खूण परत लावायची राहिली.

‘तुम्ही कायतरी दाबलासा.’ मंगळवारचे माझे वाक्य त्याच खोलीत अजून कुठेतरी लोंबकळत असावे असे वाटले.

खूण लावली. एक-दोन सेकंद काही झाले नाही, आणि मग टॅबने त्रेपन्न वर्षांची उडी मारली. शुक्र, २८ जुलै. उद्गारचिन्ह गेले. विश्वकोश उघडला. मी स्वयंपाकघरात, मग सोप्यात, मग अक्कांच्या दारात जाऊन सांगितले, आणि जिथे सांगितले तिथे आधी शांतता झाली. आईने पिंपावर झाकण ठेवायचे निमित्त काढून तोंड फिरवले. अक्का मात्र खिडकीशी येऊन मोठ्याने म्हणाल्या, ‘मास्तर, इवत्त शुक्रवाररी!’ आबांनी आतून त्याच पट्टीत ‘हौदरी!’ म्हणून उत्तर दिले. बाबांनी डॉक्टरांकडे फोन करून शनिवारची वेळ रद्द केली आणि मग आत्याला फोन लावला; तिला सगळे समजावायला बराच वेळ लागला.

खेळाचे मी फक्त आबांना सांगितले. बाकीच्यांना हा लेख छापून आल्यावर कळेल.

आबा रागावले नाहीत. वही पुढे केली, डोळ्यांजवळ धरली, आणि मला एकेक ओळ वाचायला लावून प्रत्येक प्रश्नचिन्ह स्वतः खोडले. बाजूला मी सांगेन ती खरी तारीख लिहिली. सोमवार २४, मंगळवार २५, बुधवार २६. गुरुवारच्या ओळीतला कंस आला तेव्हा मी वाचताना अडखळलो. ‘वाच की,’ ते म्हणाले. मी वाचला. त्यांनी त्यावर दोन आडव्या रेघा मारल्या, शाळेत चुकलेल्या गणितावर मारत तशा. मग नव्या ओळीवर लिहिले: ‘शुक्रवार, ता. २८ जुलै २०२३. ऋग्वेद. अर्धी झाली.’

अजून एक अक्षरही वाचून झाले नव्हते. ‘संध्याकाळपर्यंत होईल तेवढी,’ ते म्हणाले. ‘बॅटरी किती आहे बघ.’

‘चौऱ्याऐंशी.’

त्यांनी तेही लिहून ठेवले.